नाकारलेला थोरला

“बोल आई, सगळ्यांदेखत बोल! हा तुझा हेरेबर्ट आहे, की कुणी तोतया?”

भर मेजवानीत राजा विग्हेल्म उंच आसनावरून ओरडला. राजमाता हिल्दगिथने हातातलं मद्याचं शिंग खाली ठेवलं. समोर चिखलाने माखलेला, अकाली पिकलेला पुरुष उभा होता... तिचा थोरला! लहानपणीच बापाने त्याला तहापायी उत्तरेच्या राजाकडे ओलीस ठेवलं होतं, आणि बाप गेल्यावर त्याला सोडवून आणायचं सोडून धाकट्याने घाईघाईने राजाचं शिरस्त्राण स्वतःच्या डोक्यावर चढवलं होतं!

तिने विग्हेल्मकडे पाहिलं. केवढा हा राजा! ज्या लढाईचं गाणं भाट रोज गात असे, त्या लढाईत हा वीर पोटदुखीचं निमित्त करून बैलगाडीत झोपून होता. शत्रू आला की तह, शत्रू गेला की वल्गना! आत्ताही त्याने दाराकडे हळूच डोळ्याने खूण केली, आणि तिथल्या दोन शिपायांचे हात सुऱ्यांवर गेले. ती ‘हो’ म्हणाली असती, तर हेरेबर्ट त्या दारातून जिवंत बाहेर पडला नसता...

“आई,” तो कापऱ्या आवाजात म्हणाला, “मला ओळखलं नाहीस?”

काळजाच्या चिंधड्या होत असताना ती हसली... तुच्छतेने हसली!

“माझा थोरला परमुलखात तापाने मेला. हा कुणी भिकारडा, मांसाच्या वासाने आलेला. याच्या रक्ताने कशाला हात विटाळतोस, राजा? जवाची भाकर दे अन् हाकलून दे मेल्याला!”

हशा पिकला. सुटकेच्या हर्षाने विग्हेल्मही खदखदला. हेरेबर्ट मात्र तिच्या पायांपाशी थुंकला आणि चालता झाला. ती धिक्काराची थुंकी तिने मुकाट्याने सोसली. पोरगा जिवंत गेला होता!

पुढे विग्हेल्मने बरीच वर्षं राज्य केलं. राज्य कसलं! शेजारच्या वेल्श लोकांनी पश्चिमेचं रान बळकावलं, तेव्हाही याने विजयाची मेजवानी झोडली. शेवटी वाम माशाचं कालवण अधाशासारखं ओरपताना घशात काटा अडकून मेला, आणि भाटाने त्यालाही वीरमरण म्हटलं.

मग सरदारांना थोरला आठवला. समुद्रकाठी मठाची शेरडं-मेंढरं राखणाऱ्या हेरेबर्टकडे म्हातारी हिल्दगिथ सरदार ओस्लाकबरोबर स्वतः गेली.

“आता कशाला आलीस?” तो मान न वळवता म्हणाला. “मेलो ना मी तापाने?”

“बाळा, ‘हो’ म्हटलं असतं तर खरंच मेला असतास रे!”

“खरं आहे ते,” ओस्लाक खाली मान घालून म्हणाला. “तेव्हा दारात सुरा घेऊन उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकी एक मीच होतो.”

हेरेबर्टच्या हातातली काठी गळून पडली. “आणि इतकी वर्षं मी तुला शाप देत होतो... आई गं!” तो तिच्या पायांवर कोसळला.

जरा वेळाने ओस्लाक खाकरला. “चला, महाराज. आसन रिकामं आहे.”

“त्यावर हा बोकड बसवा,” हेरेबर्ट तिरस्काराने म्हणाला. “दाढी आहे त्याला. माझ्या भावाहून बराच निघेल!”

ओस्लाक निघून गेला. हेरेबर्टने आईला शेकोटीजवळ आपल्या घोंगडीवर बसवलं.

“मला काहीच आठवत नाही गं. लहानपणी मी कसा होतो?”

हिल्दगिथने त्याच्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला.

“हट्टी,” ती कशीबशी म्हणाली, आणि साऱ्या जन्माचं रडू तिला एकदम फुटलं.