धोंडूची संध्याकाळ कुणाची?

परीक्षक मंडळी, तुम्ही एका बाईचा मेलेला नवरा भलत्याच्या नावावर करून टाकलात. वर ‘निर्णय अंतिम’ लिहून मोकळे झालात. आता घडलं काय ते वाचा.

नलिनी परब बोरीवली पूर्वेला सहाव्या मजल्यावर एकट्या राहतात. नवरा धोंडू गेल्यापासून त्या रोज संध्याकाळी फोनशी बोलायच्या. फोन ते लिहून घ्यायचा आणि कथांच्या ॲपवर ते निनावी जायचं. ‘धोंडूची संध्याकाळ’ हजारोंनी वाचली. तुम्ही तिला पहिलं बक्षीस दिलंत, लेखकाला पुढे या म्हणालात, तर तिघं पुढे आले. पहिल्या नलिनीबाई. दुसरा निहार, तिसऱ्या मजल्यावरचा. त्यानेच नलिनीबाईंना ॲप टाकून दिलं होतं, स्वतःच्या नंबरावर. तिसरी शेजारची गार्गी. ती लिखाण तपासून द्यायची. तुम्ही नंबर बघितलात आणि निहारला हार घातलात.

नलिनीबाई खासगी तपास करणाऱ्या वसुधा कर्णिककडे आल्या. तिचा मदतनीस सिद्धेश बक्षिसाची रक्कम विचारायला लागला, तर त्यांनी त्याला थांबवलं.

“माका बक्षीस नको रे. माझो घोव परत व्हयो.”

संध्याकाळी दोघं त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळच्या उन्हासाठी सांडग्या मिरच्या मांडलेल्या. टेबलावर चहाचे दोन कप, प्यायला माणूस एक. बाहेर बोट दाखवून त्या म्हणाल्या, हा आमचा डोंगर, नॅशनल पार्कचा. सिद्धेशला समोर नवा काचेचा टॉवरच दिसला. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत ऊन गेलं, तो खुर्ची सरकवून बसला. नलिनीबाईंनी सवयीने पडदा ओढला.

खाली निहार ऐटीत होता. म्हातारीला करमत नाही म्हणून आपणच लिहायचो, तिच्या नवऱ्याचं फक्त नाव घेतलं, असं त्याचं म्हणणं. वसुधाने एकच विचारलं. शेवटच्या भागात सूर्य नॅशनल पार्कच्या डोंगरात मावळतो. डोंगर तर पूर्वेला. मग?

निहार हसला. “ती प्रतिमा आहे, मॅडम. एकट्या माणसाचं जगच उलटं फिरतं ना.”

गार्गीला तोच प्रश्न. ती वैतागली. चूक राहून गेली म्हणाली, लिहिण्याच्या भरात दिशा कोण बघतं.

जिना उतरताना सिद्धेश कुरकुरला. “वाट लागली. चूक तर आहेच. आजींचंही तसंच असेल.”

“तू मघाशी खुर्ची का सरकवलीस रे?” वसुधाने विचारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सगळ्यांना त्याच स्वयंपाकघरात बोलावलं. निहारला मुद्दाम खिडकीसमोर बसवलं. थोड्या वेळाने त्याने डोळ्यांवर हात धरला.

“ऊन?” वसुधा म्हणाली. “संध्याकाळी? पूर्वेच्या खिडकीतून?”

निहारने हात खाली घेतला नाही.

“हे टॉवरच्या काचेतलं ऊन. मावळतीचा सूर्य त्या काचेत उतरतो आणि इथून तिथेच बुडताना दिसतो. टॉवरने डोंगर झाकलाय, पण नलिनीबाईंच्या लेखी तिथे अजून डोंगरच आहे. जे रोज दिसलं तेच त्यांनी सांगितलं. तुला ती प्रतिमा वाटली, गार्गीला चूक. कारण संध्याकाळी इथे येऊन दोघांपैकी एकही कधी बसलं नाही. हे वाक्य या खुर्चीतल्या माणसालाच सुचणार.”

गार्गी खाली बघत म्हणाली, “काकू, मी नेहमी सकाळीच यायचे.”

“ठाऊक हा,” नलिनीबाई म्हणाल्या. “संध्याकाळी कोण येता?”

निहार उठला. बक्षीस परत करतो, असं पुटपुटत गेला. कबुलीवर त्याने सहीही केली.

ती सही, खिडकीचे फोटो, सगळं वसुधाने तुम्हाला पाठवलं. तुमचं उलट उत्तर आलं: खातं ज्याच्या नंबरावर, कथा त्याची. चोर कबूल करतो आणि तुम्ही त्यालाच लेखक म्हणता. ॲपवर आजही धोंडूच्या वर निहारचं नाव आहे.

नलिनीबाई आता फोनशी बोलत नाहीत. ऊन येतं, त्या पडदा ओढतात. दुसरा कप मात्र अजून भरतात.

सहाव्या मजल्यावर येऊन त्या खुर्चीत एक संध्याकाळ बसायला तुमच्यातलं कोण येतंय? आणि ते नाव कधी पुसताय? उत्तर द्या. मला नको, त्यांना द्या.