निळी छत्री आणि मी

"अहो, काय करताय काय? ती आमची माणसं आहेत!"

हे माझं त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आमच्या फुटबॉल संघाच्या ऑफिसात तो दुभाष्या म्हणून त्याच दिवशी रुजू झाला होता. संघाचं पेज सांभाळायचं काम माझं; तो चुकून माझ्याच टेबलाशी बसला होता आणि कालच्या पराभवावर लोकांनी संघाच्या पेजवर घातलेल्या शिव्या एकेक करून डिलीट करत होता.

"पण... यांनी गोलकीपरला घरी बसून भाजी निवडायला सांगितलंय."

"सांगणारच! पुढच्या मॅचला पहिल्या रांगेत हेच असतील. आपल्याकडे ज्याच्यावर जीव, त्यालाच बोलतात. परक्याला कोण कशाला बोलेल?"

त्यानं चष्मा वर सरकवला आणि तो हसला. "मग मला आत्ता जे बोललात, ते कशात धरू?"

मी घाईघाईनं त्याला त्याचं टेबल दाखवलं.

त्याचं काम समुद्रापलीकडच्या चाहत्यांना त्यांच्या भाषेत उत्तरं द्यायचं. आमचा एक खेळाडू तिकडचा, म्हणून तिकडची माणसं आमच्या पेजवर यायची. आणि काय ती माणसं! संघ सपाटून हरला तरी लिहायची, "माझ्या जिवांनो, रडू नका." त्यांतलीच एक निळी छत्री. खरं नाव कुणास ठाऊक, फोटोच्या जागी एक निळी छत्री होती. ती रोज लिहायची आणि हा मला हौसेनं वाचून दाखवायचा.

"माझ्या काळजाच्या तुकड्या, आज जेवलास का?"

"हे कुणाला? गोलकीपरला?"

"नाही... मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तू काय लिहिलंस?"

"जेवलो, माझ्या चंद्रा."

"चंद्रा?"

"अगं, तिकडे दूधवाल्यालाही चंद्रच म्हणतात. रीत आहे तशी."

"हो का! बरी आहे की रीत. सोयीची!"

तो गालातल्या गालात हसत राहिला. ते हसू त्या छत्रीसाठीच आहे असं वाटून मी डबा न उघडताच घरी परत नेला. भरलेला डबा पाहून वहिनीनं थेट विचारलं, "कोण आहे ती?"

"छत्री," मी म्हणाले.

वहिनी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मला मात्र खरंच रडू येत होतं.

त्यातच तिकडे संघाचं नवं ऑफिस निघालं आणि त्याला बोलावणं आलं. त्यानं अजून होकार दिला नव्हता. पण साहेबांना कुठला धीर! त्यांनी त्याचा फोटो पेजवर टाकला — "आमच्या लाडक्या दुभाष्याला शुभेच्छा द्या!" बघता बघता खाली छत्री उगवली. मी मोबाइलवर भाषांतर करून पाहिलं: "ये, माझ्या काळजा, दार उघडंच आहे."

दार उघडं! माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, "खबरदार गेलास तर! गोड बोलणाऱ्या तिकडे ढीगभर मिळतील. तुझ्यापायी जळून कोळसा झालेली मी एकटीच आहे." आणि पाठवून मोकळी झाले.

मग नजर वर गेली... कमेंट माझ्या नावानं गेलीच नव्हती. संघाच्या नावानं गेली होती!

मी सावरेपर्यंत आमची माणसं धावून आली होती. "गेलास तर तंगडं मोडू!" "ऐकतोयस ना रे, गधड्या?" तिकडच्यांनीही भाषांतर करून वाचलं असावं, बदामांचा नुसता पाऊस. आणि छत्रीचं उत्तर? मी तेही मोबाइलवर भाषांतर करून वाचलं. "अगं माझ्या काळजाच्या तुकड्या, कोण आहेस तू? त्याला मुळीच सोडू नकोस. आणि जेवलीस का?"

म्हणजे मीही काळजाचा तुकडा! इतके दिवस मी जिच्या नावानं बोटं मोडली, तिनं मला न पाहताच पोटाशी धरलं होतं. मला भयंकर लाज वाटली.

"काढा ते आधी!" साहेब ओरडत आले. त्यांच्या मागून तो आला, जिना धावत चढल्यानं धापा टाकत.

"राहू द्या, साहेब." मग माझ्या टेबलाशी वाकून, अगदी हळू... "हे संघाचं म्हणणं आहे, की तुझं?"

सगळ्या ऑफिसचे कान आमच्याकडे लागले होते.

"माझं," मी म्हणाले. "संघाला दुसरा दुभाष्या मिळेल. मला तूच हवा आहेस."

"मग नाही जात," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.