पेंढ्याची राख

सीरतने दोरीवरची ओली चादर ओढून काढली, स्कूटी सुरू केली आणि तडक वीजकारखान्याचं फाटक गाठलं. आत वळणारी एक मोटारसायकल तिला चुकवताना कचकन थांबली.

"मरायचंय का?" मोटारसायकलवाला ओरडला.

"मारताय तर तुम्ही! हे बघा." तिने चादर त्याच्या नाकासमोर धरली. पांढऱ्या कापडावर राखेचे काळे ठिपके. "पेंढा जाळून स्वच्छ वीज म्हणे! बोलवा तुमच्या बॉयलरवाल्याला."

त्याने तोंडावरचा रुमाल खाली ओढला. निळी पगडी, आणि राग येईल इतके शांत डोळे.

"मीच तो. गुरताज."

"मग धुवा ही, वीरजी!"

"धुतो की. पण वीरजी, भाऊ वगैरे नका म्हणू..." तो चाचरला. "म्हणजे... आपली ओळख कुठे झालीय अजून?"

त्या 'अजून'ने तर तिचं डोकंच फिरलं.

चादर खरंच धुऊन परत आली. मग तो येतच राहिला. कधी तिच्या वडिलांच्या, बापूजींच्या दम्याची चौकशी करायला, कधी नुसताच, शिव्या खायला. गुळाचा चहा त्याच्यापुढे आदळताना सीरतच्या बांगड्या जरा जास्तच वाजायच्या. त्याची कामाची पाळी सुटायच्या वेळेला आपली नजर रस्त्याकडे जाते, याचाही तिला संताप यायचा.

राख मात्र पडतच होती. आणि तिचा राग काही चादरीपुरता नव्हता. भात कापल्यावर शेतात काडी लावू नका, पेंढा कारखान्याला द्या, हवा सुधारेल, असं सांगत तीच तर घरोघर फिरली होती. बापूजींचा श्वास तिला वाचवायचा होता.

एके सकाळी शेजारचे मेजरसिंग ताया, म्हणजे सगळ्यांचे थोरले काका, दारात आले. "कुडिये, पोरी, तुझं ऐकलं, काय मिळालं? उद्या आम्ही शेतं पेटवतो. धूरच गिळायचा, तर निदान आपला तरी गिळू!"

आत बापूजी खोकत होते. सीरत तशीच कारखान्याच्या फाटकावर गेली.

"धुराड्यातली राख अडवणाऱ्या फिल्टरच्या पिशव्या फाटल्यात," गुरताज खाली मान घालून म्हणाला. "मालक हंगाम संपेपर्यंत बॉयलर थांबवू देत नाहीत. मी सांगून बघितलं..."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?" तिचा आवाज चिरकला. "आमच्या अंगणात बसून चहा पीत होतात, बापूजींना खोकताना ऐकत होतात... आणि ठाऊक होतं? पुन्हा दारात पाऊल टाकू नका!"

दुपार कलली तेव्हा धुराडं थंड पडलं होतं.

बातमी तायांनीच आणली. गुरताजने बॉयलर बंद केला होता. प्रदूषण खात्याच्या माणसांना बोलावून फाटक्या पिशव्या दाखवल्या होत्या. नव्या बसेपर्यंत कारखान्याला टाळं. आणि त्याला त्याच पावली हाकलून दिलं होतं. "शेतं नाही पेटवत आम्ही," ताया पुटपुटले. "त्या पोराने नोकरी घालवली, आम्ही थोडं थांबू."

भटिंड्याची बस यायची होती. गुरताज बॅग घेऊन थांब्यावर उभा होता. स्कूटी त्याच्या पायाशी येऊन थांबली.

"न सांगता चाललात?"

"दारात पाऊल टाकू नका म्हणालात ना..."

"मी रोज काय काय म्हणते! तेवढं एकच ऐकलंत?" तिचे डोळे भरून आले, म्हणून ती आणखीच चिडली. "आधी का नाही केलंत हे?"

"भ्यालो होतो." तो थांबला. "नोकरी गेली तर तुमच्या बापूजींसमोर कुठल्या तोंडाने येणार होतो... तुम्हाला मागायला?"

बस आली. कंडक्टरने हाक मारली. दोघंही हलली नाहीत. बस निघून गेली.

"बेकार माणसाला बापूजी दारात उभं करणार नाहीत," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय! मी राहीन ना उभी... तुमच्या शेजारी. बसा मागे. आणि हसू नका, अजून रागावलेय मी!"