ठकुबाईचा नंबर

वैशाखातल्या त्या दुपारी रत्ना हंडा घेऊन विहिरीकडे निघाली, ती नेहमीसारखीच. पानशेतच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत एक दिवसाआड टँकर येई आणि कोरड्या विहिरीत रिता होई. तोवर माणसाऐवजी त्याचा हंडा रांगेत उभा राही; दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, हा वाडीचा शिरस्ता.

"लवकर आलीस," रांगेपाशी बसलेल्या आक्काबाई म्हणाल्या. "टँकरवाला आजून च्या पीत बसला आसंल." बायका हसल्या. "बरं केलंस. ठकुबाईवानी नंबर घालवू नगंस."

रत्नाची मान खाली गेली.

दहा दिवसांपूर्वी तिच्या लेकीला ताप चढला होता. विहिरीवर सामसूम पाहून तिने ठकुबाईचा हंडा उचलून शेवटाला ठेवला आणि त्या जागी आपला. पाणी शेवटापर्यंत पुरले नाही. धनगरवाड्यावरची ती म्हातारी रिकामा हंडा घेऊन धरणाच्या आटलेल्या पात्रात उतरली, झरा उकरायला. तिथेच धुळीच्या वादळाने तिला गाठले. सकाळी ती सापडली, तेव्हा तिच्या तोंडात गाळाची माती होती. म्हातारी आपल्याच चुकीने गेली, असे सारे म्हणत. रत्ना म्हणू देई.

तोच खालून, धरणाच्या बाजूने, वारा उठला. भर दुपारी उजेड पिवळा झाला, मग करडा, मग दिसेनासाच झाला. वाळल्या गाळाचा कुबट वास नाकात दाटला. बायकांनी पदरात तोंडे लपवली. विहिरीभोवतीच्या फरशीवरून कुणीतरी हंडा सरकवत होते... खर्र... खर्र... आणि मग अगदी कानाशी, कोरड्या घशातून,

"रत्ने... लेक आजारी व्हती, तर इच्यारायचंस... म्या दिला नसता व्हय नंबर?"

वारा पडला. रत्नाचा हंडा काठोकाठ भरलेला होता. टँकर आला नव्हता; विहिरीचा तळ उन्हात कोरडा दिसत होता.

"पानी कुठनं आलं गं?" आक्काबाईंनी हळूच विचारले.

रत्ना हंड्यापासून मागे सरली. "ठकुमावशीचा हंडा त्या दिशी म्याच हलवला."

कुणी चकित झाले नाही. आक्काबाईंनी नजर चोरली. "ठावं हाय. आमी समद्यांनी दारातनं पाह्यलं व्हतं... पर बोललं कोन?"

मग एकेकीचे लक्ष आपापल्या हंड्याकडे गेले. सगळे तुडुंब भरले होते. एकीनेही हात पुढे केला नाही. रांगेच्या मधोमध एका हंड्याएवढी जागा मोकळी होती, आणि तिथली फरशी ओली होती.