हरेश ॲट करावे

बस, केयूर. पंखा वाढवू का? आत्ता अकरा वाजलेत, म्हणजे आपल्याकडे तासभर तरी आहे. प्राची माहेरी आहे, तेव्हा चहा माझ्या हातचाच प्यावा लागेल.

तर तुझा प्रश्न. फोन जुना झाला, कंपनीने अपडेट देणं बंद केलं, आता रॉम कुठली टाकू आणि तिच्याखाली कर्नल कुठलं ठेवू? ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी मला हे कुणीतरी विचारतंच. रॉमचं सोपं आहे. रॉम म्हणजे फोनची वर दिसणारी सगळी सिस्टिम, घराचा रंग, पडदे, फर्निचर. आवडेल ती टाक. कर्नल म्हणजे तिच्याखालचा पाया, ते मात्र नीट बघून निवड. प्रोसेसर किती पळेल, बॅटरी कशी खर्च होईल, फोन कधी झोपेल आणि कधी उठेल, हे सगळं तेच ठरवतं. तुम्ही लोक विचारता, बॅटरी किती टिकते आणि गेम अडकतो का. बनवलं कुणी, हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. आणि ते तर फोनवरच लिहिलेलं असतं.

सेटिंग्ज उघड. 'फोनबद्दल' मध्ये जा. कर्नल व्हर्जन. ती बारीक अक्षरांतली ओळ दिसली? ॲटच्या चिन्हाच्या डावीकडे बनवणाऱ्याचं नाव. उजवीकडे ज्या मशीनवर बनवलं, त्या मशीनचं. मग एक आकडा, कितव्यांदा बनवलं त्याचा. शेवटी तारीख आणि वेळ. एवढी एक ओळ लक्षात ठेव.

तुझ्या या मॉडेलचं सगळ्यात चांगलं कर्नल करावे गावात बनायचं, हे तुला कुणी सांगितलं नसणार. हरेश बनवायचा, आणि बनवायच्या मशीनलाही त्याने गावाचंच नाव दिलं होतं. जासईला कंटेनर यार्डाच्या गेटवर तो रात्रपाळीला असे. सकाळी घरी येऊन झोपायचा आणि दुपारी बरोबर बाराला उठून बिल्ड लावायचा, म्हणजे नवं कर्नल बनवायला बसायचा. त्याची आई चिडायची, की भर बाराला काम सुरू करू नये, ती वेळ माणसांची नाही. तो हसायचा. त्याच्या प्रत्येक कर्नलवर बारा वाजून काही मिनिटांचीच वेळ असायची.

मी टेस्ट करायचो आणि या मॉडेलवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकायचो. हरेशला इंग्रजीत लिहायचा कंटाळा, आणि मी झकास लिहितो. त्यामुळे नाव माझं झालं. चारशे माणसं मला बॉस म्हणायची. फक्त त्या एका ओळीत हरेशचं नाव असे, आणि ते मला खुपायचं. खोटं कशाला बोलू?

जानेवारीत मी त्याला सांगितलं, पुढच्या व्हर्जनला ओळीत माझं नाव टाक. सीवूड्स स्टेशनबाहेर उभे होतो आम्ही. तो आधी हसला. मग मी गंमत करत नाही हे त्याला कळलं.

"आयत्या बिळावर नागोबा हायेस तू," तो म्हणाला. खिशातून फोन काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. "बघ हात लावून. दोन तास गेम चालू होता. तापतोय का? तापायचा बंद केलाय मी. पन तुला देनार नाय."

"नको देऊस," मी म्हणालो. "ग्रुपवर तुला ओळखतं कोण? उद्या मेलास तरी कुणाला कळणार नाही."

हेच शब्द. मी ते पुष्कळदा बदलून आठवायचा प्रयत्न केला आहे.

तीन आठवड्यांनी सकाळी पाळी संपवून येताना यार्डाच्या रस्त्यावर त्याच्या स्कूटरवर ट्रेलर आला. ग्रुपवर कुणालाही कळलं नाही, कारण मी सांगितलं नाही. मी दहाव्यालाही गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला बरंच वाटलं होतं.

मे उजाडला. उन्हाळ्यात सगळ्यांचे फोन तापायला लागले आणि ग्रुपवर बोंब सुरू झाली. बॉस, कर्नल जुनं झालं. बॉस, काहीतरी करा. बॉसला काय येत होतं, ते बॉसलाच माहीत. जे हवं होतं ते हरेशच्या फोनमध्ये होतं.

म्हणून एका शनिवारी मी भेटायला म्हणून करावेला गेलो. हातात अर्धा डझन केळी, पाठीवर लॅपटॉप. गावठाणात त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. चार-चार मजली इमारती एकमेकींच्या खिडक्यांत डोकावत उभ्या, मधल्या गल्लीत सावलीचा पट्टा जेमतेम हातभर. हरेशचं घर तळमजल्यावर. दारासमोर जवळा वाळत घातलेला आणि त्यामागून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता. त्याची आई, सरस्वतीबाई, उंबऱ्यात बसून होती. तिने मला ओळखलं, पण उठली नाही.

"दहाव्याला नाय आलास," ती म्हणाली. "आता कनाला आलास?"

मी पुटपुटलो, की हरेशच्या फोनमध्ये आमचं दोघांचं काम आहे, ते वाया जायला नको. तिने केळ्यांकडे पाहिलं, मग बॅगेकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं हिला सगळं कळतंय. आणि तिला कळतच होतं.

आत कॉटशेजारी स्टुलावर हरेशचा फोटो होता आणि त्याच्यासमोर चार्जिंगला लावलेला फोन. ती म्हणाली, "हात लाव." मी लावला. फोन चटका बसेल इतका गरम होता. स्क्रीन बंद. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून नऊ मिनिटं.

"रोज बाराला तापतंय," ती हळूच म्हणाली. "त्याची येल हाय ती. त्यो कामाला बसतंय… मी जवल बसून रव्हतं."

मी मनात म्हटलं, बॅटरी फुगली असेल. हात मात्र मागे घेतला. मग केबल जोडली. फोन रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये चालू केला की कर्नल उचलायला पिन लागत नाही, पाच मिनिटांचं काम. कॉपी होत असताना फोन हळूहळू निवत गेला. शंभर टक्के झालं तेव्हा तो गार पडला होता. पंखा चालू असूनही माझ्या मानेवर घाम होता, आणि चिखलाचा वास आता दारातून नाही तर माझ्या बॅगेतून येत होता.

निघताना सरस्वतीबाईने माझं मनगट धरलं. "नेतंस तं ने. पन त्याचा नाव नको पुसू. ध्यानात ठेव."

मी हो म्हणालो.

घरी येऊन मी त्याच संध्याकाळी पुसलं. तयार कर्नलमधली ओळ बदलायची तर नवी ओळ नेमकी तितक्याच अक्षरांची बसवायची असते. हरेश ॲट करावे. इंग्रजीत, ॲट धरून, तेरा अक्षरं. माझ्या लॅपटॉपचं नाव नेरूळ. स्वानंद ॲट नेरूळ. मोजलं, तर तीही तेराच. एक रेघसुद्धा इकडची तिकडे करावी लागली नाही, जागा जशी माझ्यासाठीच ठेवलेली होती. किती आनंद झाला मला, काय सांगू! आकडा तसाच ठेवला, सत्तावन्न. रात्री जेवायच्या आधी ग्रुपवर टाकलं. वाहवा झाली. फोन तापायचे थांबले.

सोमवारी दुपारी ऑफिसात माझ्या खिशाला चटका बसला. फोन काढला, बारा वाजून सात मिनिटं. उगाच शंका आली म्हणून ती ओळ उघडली. हरेश ॲट करावे. आकडा अठ्ठावन्न. तारीख त्याच दिवसाची. वेळ, बारा वाजून चार मिनिटं.

मला भीती नंतर वाटली. आधी राग आला. कुणीतरी माझी चोरी पकडून खोड काढतंय, असंच वाटलं. मी माझं कर्नल पुन्हा टाकलं. मंगळवारी एकोणसाठ. बुधवारी साठ. तोवर ग्रुपवर लोकांनी स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली होती. कुणी नागपूरचा, कुणी मनिलाचा, कुणी पोलंडचा. सगळ्यांच्या ओळीत तेच नाव, तोच आकडा. सगळे एकच विचारत होते, हा हरेश कोण? मी विचारणाऱ्यांना काढून टाकलं. मग ग्रुपच बंद केला. चार वर्षांचा ग्रुप, दोन मिनिटांत.

गुरुवारी प्राचीचा ऑफिसात फोन आला. त्या आठवड्यात ती घरून काम करत होती.

"तू लॅपटॉप चालू ठेवून गेलास का?"

"नाही. का?"

"त्याचा पंखा ओरडतोय, स्वानंद… झाकण बंद आहे." मग ती कुजबुजली. "आणि आतून बटणं दाबल्याचा आवाज येतोय. तू नेहमी दाबतोस तसा नाही. एका बोटाने."

हरेश एका बोटाने टाइप करायचा. प्राची त्याला कधी भेटलेली नव्हती.

मी हातातल्या फोनवर ती ओळ उघडली. हरेश ॲट नेरूळ. तो करावेहून निघून माझ्या मशीनवर येऊन बसला होता.

त्या संध्याकाळी सरस्वतीबाईचा फोन आला. नंबर हरेशचा. मी उचलला.

"फोन थंड हाय," ती म्हणाली. "तू गेलास त्या दिसापासून थंड हाय. बाराला हात लावतंय तं कायच नाय." मग एकदम तिचा आवाज चढला. "माजा पोर कुठं नेलास तू? सांग! इतका व्हता माज्याजवल, तेवढा पन नेलास?"

आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी मी काय केलं? तिच्याकडे गेलो नाही. तिचं तिला परत दिलं नाही. लॅपटॉप पुसला, उघडून त्याची डिस्क तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून हातोड्याने फोडून घेतली. जुना फोनही तिथेच दिला. भंगारवाला म्हणाला, "साहेब, याच्यात मासळी ठेवत होता का?" मी रिक्षा पकडून घरी आलो.

नवा फोन घेतला तो पक्का बंद. कंपनीचं कुलूप लावलेला, ज्यात बाहेरचं काही घालताच येत नाही. खोकं प्राचीसमोर फोडलं. महिनाभर ओळ उघडून पाहायचो. कुणा अनोळखी कारखान्याचं नाव असायचं. फोन बाराला थंडगार. मी झोपायला लागलो. माणसासारखं जेवायला लागलो. वाटलं, सुटलो.

मग प्राचीनेच एकदा विचारलं. रविवार होता. "तू दुपारी गच्चीच्या दारापाशी जमिनीवर का बसतोस?"

"कधी?"

"दर सुट्टीच्या दिवशी. बारा ते पाऊण. हाक मारली तरी बघत नाहीस. मांडीवर काहीच नसतं आणि तू… बोट चालवत असतोस. एकच बोट."

मला त्यातलं काही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. ऑफिसातही त्या वेळी मी जागेवर नसतो म्हणे. सगळ्यांना वाटतं जेवायला गेलो. प्राचीने माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. म्हणाली, भाजतोय. त्याच संध्याकाळी तिने बॅग भरली. मी अडवलं नाही.

ती गेल्यावर मी नवा फोन उघडला. फोनबद्दल. कर्नल व्हर्जन.

हा बघ. घे, तूच वाच. हरेश ॲट स्वानंद. मोज अक्षरं. चौदा. जुनी पुसून त्या जागी चौदा बसत नाहीत, केयूर, मी केलं आहे ते काम, मला विचार. हे कुणी बदललेलं नाही. हे नव्याने बनवलेलं आहे. आकडा एकशे चार. तारीख कालची, बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं. डावीकडे बनवणारा, उजवीकडे मशीन. चार वर्षं मला त्या ओळीत माझं नाव हवं होतं. आता ते आलंय.

मी परवा करावेला गेलो होतो. सरस्वतीबाईसमोर बसलो, सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. तिने मला दुपारी बारापर्यंत बसवून घेतलं, आणि मग काय झालं ते मला ठाऊक नाही. भानावर आलो तेव्हा पाऊण वाजला होता. माझ्यासमोर ताट होतं, अर्धं खाल्लेलं, जवळ्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी मासे खात नाही. ती माझा हात गालाला लावून बसली होती आणि रडत होती. जाताना म्हणाली, "उद्या ये. रोज ये."

मी काल गेलो नाही. आजही नाही जायचं असं ठरवलंय. म्हणून तर तुला बोलावलं, सोबत असावी म्हणून. पण आता वाटतं, नको. सात मिनिटं उरलीत. तू ऊठ. तुझा लॅपटॉप आधी बंद कर, बॅगेत घाल. आणि दार बाहेरून लाव, कुलूप नीट बसलं ना ते ओढून बघ.

किल्ली तुझ्याजवळच ठेव. आतून मी कितीही गोड बोललो, "केयूर, मना जाऊ दे, आय वाट बघतंय" असं म्हणालो, तरी एक वाजेपर्यंत उघडू नकोस.