दुसऱ्या खाचेतला डोमाजी

आत्मा अमर आहे. देह पडल्यावर तो कुठे जातो, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तो कॉम्प्युटरच्या डब्यात, डावीकडून दुसऱ्या खाचेत जातो.

हसू नका. जन्मभर पेपरात विनोदी लिहिलं, त्यामुळे मला ताप आला म्हटलं तरी डॉक्टर हसतो. पण ही घटना खरी आहे. ठिकाण पवनार, माझ्या घराची समोरची खोली. महिना मागचा वैशाख. रात्र म्हणता आली असती, पण आमच्याकडे रात्री विजेची लाइन जाते. जे झालं ते भर दुपारी, चहाच्या वेळेला.

माझा शेजारी डोमाजी माघात गेला. तेरवीनंतर त्याच्या वस्तू वाटल्या. खाट नत्थूने नेली, छत्री भैय्याजीने. उरला जुना कॉम्प्युटर. माझी पुतणी सुरभी तेव्हा सुटे भाग जमवून स्वतःचा कॉम्प्युटर बांधत होती.

"घेऊन जा वं पोरी, कामाचं असन तं," डोमाजीची बायको यशोदाबाई म्हणाली.

सुरभीने रॅमची एक पट्टी काढून घेतली. चालू मशीनची आठवण या पट्टीत राहते आणि लाइन गेली की सगळी पुसली जाते, असं तिने मला समजावलं.

मी विश्वास ठेवला.

ती पट्टी दुसऱ्या खाचेत बसवल्यापासून सुरभीचं मशीन रोज दुपारी बंद पडू लागलं. आधी एक आवाज यायचा… घसा खाकरल्यासारखा.

मग पडदा निळा.

मग काळा.

"काका, रॅम खराब दिसते," सुरभी म्हणाली. "सोमवारी दुपारीच पुण्याच्या कंपनीची मुलाखत आहे. कॉम्प्युटरवर काम करून दाखवा म्हणतात. मधातच बंद पडलं तं नोकरी गेली समजा."

"पंखा खाकरत असन."

"पंखा तमाखू खाते काय?"

तिने दोन्ही पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मग एकेक लावून चाचणी घेतली. तिची स्वतःची पट्टी कोणत्याही खाचेत साफ. डोमाजीची लावली की पडदाभर चुकांच्या लाल ओळी.

"हेच."

तिने वर्ध्याहून नवी पट्टी आणून दुसऱ्या खाचेत बसवली. डोमाजीची टेबलाच्या खणात टाकली. तिच्यावर चुन्याचा डाग होता, त्याच्या अंगठ्याचा.

चाचणी पुन्हा चालली. एकही लाल ओळ नाही.

सोमवार. मुलाखत सुरू झाली. मी भिंतीला टेकून उभा.

आणि…

ख्खँ.

डब्यातूनच.

आवाज मी ओळखला. डोमाजी रोज दुपारी चहाला असाच यायचा. घरात बायामाणसं आहेत म्हणून उंबऱ्याबाहेर खाकरायचा. मी 'ये' म्हटल्याशिवाय कधी आत पाय टाकला नाही.

इतके दिवस तो खाकरत होता. कोणीच 'ये' म्हटलं नव्हतं.

ख्खँ… ख्खँ.

पडदा थरथरला. सुरभीने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी हळूच म्हणालो, "ये डोमाजी. बस."

पडदा स्थिर झाला.

खिडकीजवळची खुर्ची करकरली…

खुर्चीत कोणी नव्हतं.

मुलाखत पूर्ण झाली. सुरभीने मशीन बंद केलं आणि डबा उघडला. दुसऱ्या खाचेत चुन्याचा डाग दिसत होता.

मी खण ओढला. आत नवी पट्टी होती.

"काका, तुमी बदलली?"

"मले तं डबाही उघडता नाई येत."

तिने त्या डागवाल्या पट्टीचीच चाचणी लावली. एकही लाल ओळ नाही.

संध्याकाळी यशोदाबाई विरजण मागायला आली. खुर्चीकडे पाहून थबकली… आणि डोक्यावरून पदर घेतला.

"घरी येतच नाईत हे," ती म्हणाली. "मले वाटलंच, भाऊजीकडं असतीन."

सुरभीला नोकरी लागली. परवा ती पुण्याला चालली, कॉम्प्युटर घेऊन. पट्टी काढायची तिची हिंमत नाही, माझीही नाही. कंपनीच्या कामासाठी कॉम्प्युटर खोलीवर दिवसभर चालू ठेवावा लागेल म्हणते, आणि ती स्वतः दुपारी ऑफिसात.

खोलीवर 'ये' म्हणायला कोणी नाही.

तेव्हा एक विनंती. तिच्या शेजारी कोणी वाचक राहत असेल, तर दुपारी खाकरण्याचा आवाज आल्यावर भिंतीपलीकडून 'ये' म्हणावं.

चहात साखर तीन चमचे.