तिसरी नळी

गंगापूर रोडवरच्या प्रयोगशाळेत मंजुषाचं काम रक्त वाचायचं. थेंबभर रक्तातले हजारो बारीक रेणू यंत्र मोजून दाखवी. त्यावरून माणसानं काय खाल्लं, औषध अंगात कसं मुरलं, कोणता अवयव थकलाय, सगळं कळे. सांधेदुखीच्या एका नव्या गोळीची हरसूलकडच्या चोवीस जणांवर चाचणी चालू होती. बहिरू त्यांतला अकरा नंबर.

त्याचं रक्त दोन एप्रिलला काढलं होतं, एकाच वेळी तीन नळ्यांत. पहिली तिनं लगेच तपासली. यकृत ठणठणीत. उरलेल्या दोन उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये गेल्या.

एकोणीस तारखेला तिनं पडताळणीसाठी दुसरी काढली, तर पित्ताचे रेणू नऊपट, यकृत निकामी होत असल्यासारखे. गोठलेलं रक्त आजारी पडत नाही. तिनं यंत्र धुऊन पुन्हा लावलं. तेच. बाकीच्यांच्या नळ्या जशाच्या तशा.

दोन दिवसांनी ती अहवाल घेऊन प्रमुखांकडे, हर्षल सरांकडे गेली.

"नळी बदलली असेल," ते म्हणाले. "हा नंबर काढून टाक. तसाही तो स्वेच्छेनं बाहेर पडलाय."

फाइलमध्ये तसं लिहिलं होतं. तारीख वीस. खाली बहिरूची सही नव्हती.

शनिवारी मंजुषा बसनं हरसूलला गेली. ओट्यावर बहिरूची बायको अंबूबाई बसली होती. कपाळ मोकळं.

"सतराला डोळं पिवळं झालं," ती म्हणाली. "गोळीवाल्यांना दोनदा फोन केला. म्हनले, उन्हाळी कावीळ हाय, गोळी बंद करू नका. वीसला गेले."

परतताना मंजुषानं दात इतके आवळले होते की जबडा ठणकू लागला. माणूस मेला, आणि कागदावर तो स्वेच्छेनं गेला.

सोमवारी हर्षल सरांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

"नाही करणार. तुमच्या गोळीनं मेला तो."

"हळू बोल."

"का? कुणाची झोप मोडेल?"

संध्याकाळी तिनं दोन्ही निकाल आणि अंबूबाईचं म्हणणं चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला पाठवलं. गुरुवारी उरलेल्या तेवीस जणांच्या गोळ्या थांबल्या. मंजुषाला नोकरी सोडायला सांगितलं, आणि जाण्याआधी अकरा नंबरची उरलेली नळी नष्ट करायला.

तो दोन मे होता. भर दुपारी तिनं ती नळी यंत्राला लावली.

पित्त नाही. गोळीचा मागमूस नाही.

उडीद होता. चहा होता.

आणि तंबाखू. ताजी, तासाभरापूर्वीची. चाचणीच्या नियमानं बहिरूची तंबाखू रक्त काढण्याच्या महिनाभर आधीच बंद झाली होती.

तिनं अंबूबाईला फोन लावला.

"मावशी, आज घरी काय होतं?"

"तेरावा व्हता, ताई. त्यांच्या नावानं पान वाढलं. उडदाची आमटी, चहा. तुमच्या लोकांनी तंबाखू सोडाया लावली व्हती. लय तळमळायचे. म्हनून पुडी बी ठिवली."

मंजुषानं पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. पलीकडे अंबूबाई सांगतच होती.

"दीर म्हनले, वाया कशाला घालवायची. त्यांनी चिमूट मळून तोंडात टाकली. लगेच थुकले. म्हनले, वहिनी, हा नुसता पाला हाय. कडूपनाच नाय याच्यात."